मामांच्या पेटींतील तीन नळ्या

आपल्या वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं माजी विद्यार्थ्यांनीं कांहीं लिहून पाठवावें असें पत्र यंदां आलें, तेव्हां प्रथम मी संकोचांतच पडलों. माझ्या बरोबरीचे कोणी डॉक्टर झाले, कोणी परदेशीं जाऊन नांवलौकिक मिळविते झाले. त्यांच्यापाशीं सांगण्याजोगें पुष्कळ असेल. मी एका विमा कचेरींत हिशेब तपासतों. तथापि गेल्या दोन-तीन वर्षांत एका लहानशा पेटीनें मला जें कांहीं शिकविलें, आणि शिकवितां शिकवितां माझी जी फजिती केली, तिची हकीकत विज्ञानाच्या वर्गांतील मुलांना व त्यांच्या पालकांनाहि वाचावीशी वाटेल, अशा समजुतीनें लेखणी हातीं घेतली आहे.

पेटी म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांसमोर बाजाची पेटी उभी राहील. ही पेटी तशी नव्हे. ती स्वतः वाजत नाहीं; दुसऱ्यानें वाजविलेलें मोठें करून सांगते. विजेच्या गिटारीचा तो ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर होय. आमच्या घरांत मात्र तिला कोणीं कधीं ॲम्प्लिफायर म्हटलें नाहीं. ती मामांची पेटी.

माझे मामा आज ब्याऐंशी वर्षांचे आहेत. १९६० नंतरच्या काळांत मुंबईस चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आतांच्या वीर नरिमन रोडवर, ज्या उपाहारगृहांतून संध्याकाळीं वाद्यवृंद वाजत असत, त्यांपैकीं एकांत ते गिटार वाजवीत. त्या वृंदांत मुख्य भरणा गोव्याच्या वादकांचा. मामा माझगांवांत वाढलेले, आणि कागदावरील पाश्चात्त्य स्वरलेखन ते याच मंडळींपाशीं बसून शिकले. १९६९ सालीं बोटीवर आचाऱ्याचें काम करणाऱ्या त्यांच्या एका मित्रानें ही पेटी अमेरिकेहून आणली. मामांनीं दोन महिन्यांचा पगार मोजून ती घेतली, व त्याबद्दल माझ्या आजीचीं बोलणीं महिनाभर मुकाट्यानें ऐकून घेतलीं.

पेटी फेंडर कंपनीची, 'चॅम्प' नांवाची. शिकाऊ मुलांसाठीं काढलेला सर्वांत लहान नमुना. बाहेरून पिवळसर जाडें कापड, वर चामड्याची मूठ, आंत आठ इंच व्यासाचा एकच कर्णा, आणि आवाज कमी-जास्त करण्याची एकच कळ. सूर गोड करावा कीं तिखट, हें ठरविण्याची सोयच तिच्यांत नाहीं. त्या कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर यानें १९३८ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्तीचें दुकान काढलें होतें. गंमत अशी कीं, ज्याच्या गिटारी पुढें जगभर गेल्या, त्या या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! अमेरिकेंतील घरगुती वीज आपल्या निम्म्या दाबाची. म्हणून या पेटीबरोबर मामांना आणखी एक लोखंडी खोकें बाळगावें लागे, जें आपल्या २३० व्होल्टांचे ११० करून तिला पाजी.

मे महिन्याच्या सुटींत आम्ही भाचरें माझगांवास जात असूं. रात्रीं कामावरून आल्यावर मामा पेटी पलंगाखालीं ठेवीत, आणि एखादे दिवशीं सुटी असली म्हणजे तिन्हीसांजेस ती बाहेर काढून लावीत. कळ दाबल्याबरोबर कांहींच होत नसे. मग आंतून तांबूस उजेड दिसूं लागे, धूळ तापल्याचा एक विशिष्ट वास येई, आणि दहा-पंधरा सेकंदांनीं पेटी जागी होई. तो वास मला अजून कोठें आला तर मी थबकतों.

२०१९ सालीं मामी गेल्या. त्यानंतर मामांनीं गिटार भिंतीस टांगली ती टांगलीच. २०२२ च्या पावसाळ्यांत त्यांना ऐकूं कमी येऊं लागल्याचें आमच्या ध्यानांत आलें. वैद्यांनीं यंत्रानें तपासून सांगितलें कीं, वरच्या पट्टींतलें ऐकणें पुष्कळ गेलें आहे, खालचें अद्याप चांगलें आहे, आणि हें असेंच उतरत जाणार. त्याच सुमारास जुनीं वाद्यें घेणाऱ्या एका इसमानें पेटीस बरी किंमत सांगितली. मामेभावाचें मत विकण्याकडे होतें, व त्याचें चुकत होतें असें मी म्हणणार नाहीं. दोन खोल्यांच्या घरांत न वाजणारी पेटी किती दिवस ठेवावी? मामांनीं शांतपणें ऐकून घेतलें व मला म्हणाले, "अरे बाबा, विका खुशाल. पण माझे कान आहेत तोंवर ती एकदां पहिल्यासारखी बोलूं दे. दिवाळीपर्यंत बघ काय जमतें तें."

पेटी लावून पाहिली तों आवाज क्षीण, मधूनच चरचर, आणि या सर्वांच्या मागें एकसारखी घूं-घूं. मी कांहीं पुस्तकें चाळलीं, चार लोकांना विचारलें. ज्याला त्याला विचारावें तों उत्तर एकच: नळ्या बदला, सूर सुधारेल. नळ्या मला बदलतां येण्याजोग्या होत्या, कारण त्या मागच्या बाजूनें दिव्याप्रमाणें खोबणींत खोंचलेल्या असतात. म्हणून मीं हें काम पत्करलें.

येथें नळी म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जुने रेडिओवाले तिला व्हॉल्व्ह म्हणत. कांचेच्या बंद कुपींतून हवा काढून घेतलेली असते. मध्यभागीं एक धातूची बारीक नळकांडी तापवितात. तापली कीं तिच्यांतून विद्युत्कण बाहेर उसळतात. भोंवतीं धातूचा पत्रा असतो. त्याला मोठा धन दाब दिला कीं ते कण त्याच्याकडे धांवतात. इतकें १९०४ सालीं इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं साधलें होतें. पुढें अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं त्या दोहोंच्या मध्यें तारेची एक जाळी घातली, आणि सगळी करामत त्या जाळींत आहे. आपल्याकडे पाटाचें पाणी बारीला सोडतांना शेतकरी एका हातानें फळी जराशी वर-खालीं करतो व त्यासरशीं केवढा प्रवाह वाढतो किंवा अडतो, तें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना हें सहज कळेल. गिटारीची तार हलली म्हणजे तिच्याखालच्या चुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत विजेचा अगदीं क्षीण तरंग उठतो. तो जाळीवर आला कीं पत्र्याकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच्याच तालावर नाचूं लागतो. मोठा प्रवाह कोठून नवा उत्पन्न होत नाहीं. तो भिंतींतील विजेचा. गिटार फक्त फळी हलविते.

मामांच्या पेटींत अशा तीन नळ्या. पहिली १२ एएक्स ७. हिच्या एकाच कुपींत दोन नळ्यांचा संसार असतो, आणि हीच प्रथम तो क्षीण तरंग वाढविते. युरोपांत हिला ईसीसी ८३ म्हणतात. दुसरी ६ व्ही ६. ही १९३६ सालापासूनची, आणि हीच कर्ण्याला ढकलण्याचें अंगमेहनतीचें काम करते. तिसरी ५ वाय ३. हिचा सुराशीं प्रत्यक्ष संबंध नाहीं, ती भिंतींतील उलट-सुलट वाहणाऱ्या विजेला एका दिशेस वळविते. येथें एक गोष्ट नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. १२ एएक्स ७ ही नळी बाजारांत आली १९४७ सालीं, आणि जिनें पुढें नळ्यांचें राज्य बुडविलें ती ट्रान्झिस्टर नांवाची वस्तु बेल प्रयोगशाळेंत जन्मली तीहि १९४७ च्याच डिसेंबरांत! रेडिओ, दूरदर्शन, गणकयंत्रें यांतून नळ्या केव्हांच गेल्या. गिटारवाल्यांनीं मात्र त्या सोडल्या नाहींत. कारण असें कीं, नळीला तिच्या शक्तीबाहेर ढकललें म्हणजे ती तरंगाचे माथे एकदम तोडीत नाहीं, तर हळूहळू गोल करते. त्यामुळें मूळ सुरांत आणखी वरचे सूर मिसळतात व आवाजाला एक प्रकारची खर येते. जो रेडिओच्या दृष्टीनें दोष, तोच गिटारीच्या दृष्टीनें गुण ठरला.

आतां नळ्या मिळवाव्या कोठून? लॅमिंग्टन रोडवर चार शनिवार घालविले. बहुतेक दुकानदारांनीं 'व्हॉल्व्ह' हा शब्द ऐकून माझ्याकडे असें पाहिलें, कीं जणूं मी घोड्याच्या नाला मागत आहें. जगांत आज या नळ्या करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: स्लोव्हाकियांत चाद्त्सा येथें एक, रशियांत सारातोव्ह येथें एक, आणि चीनमध्यें कांहीं. २०२२ च्या मार्चांत रशियाच्या निर्यातबंदीची वार्ता आली व किंमती भडकल्या. मीं स्लोव्हाकियाची एक १२ एएक्स ७ व एक ६ व्ही ६ मागविली. दोहोंचे मिळून साडेपांच हजार पडले. घरीं मीं हा आंकडा लगेच सांगितला नाहीं.

कचेरीच्या कामानें पुण्यास गेलों असतां एका रविवारीं जुन्या बाजारांत हिंडत होतों. तेथें गोणपाटावर कुलपें, पितळी नळ आणि मोडकीं घड्याळें यांच्या राशींत कागदी डबींत गुंडाळलेली एक ईसीसी ८३ सांपडली. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची! ही सरकारी कंपनी १९५४ सालची, आणि १९६१ पासून ती रेडिओच्या नळ्या करूं लागली होती. विक्रेत्यानें तीनशें सांगितले, दोनशेंना दिली. अशी जुनी नळी घेतांना एक खूण पाहावी. कुपीच्या आंतल्या बाजूस आरशासारखा रुपेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठीं तो मुद्दाम उडविलेला असतो. डाग चकचकीत असेल तर कुपी शाबूत आहे. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आंत हवा शिरली, नळी मेली. मुंबईंत एका दुकानीं मला दिलेली 'अमेरिकन' ५ वाय ३ घरीं आणून ओल्या बोटानें पुसली, तों वरचें नांव पुसून खालीं दुसरेंच नांव निघालें. असो.

रविवारीं ठाण्याहून गाडीनें भायखळ्यास उतरून मी माझगांवास जाई. बरोबर माझी मुलगी. ती आपल्याच शाळेंत नववींत होती व गिटार शिकत होती. पहिल्याच रविवारीं मीं तापलेली ६ व्ही ६ उघड्या हातानें धरली व दोन बोटें पोळून घेतलीं. दुसऱ्या रविवारीं शहाणपणा आला. वीज काढून, पाऊण तास थांबून, फडक्यानें धरून, न पिरगाळतां, किंचित इकडे-तिकडे हलवीत नळी सरळ खालीं ओढावयाची; कारण या पेटींत नळ्या वटवाघळासारख्या उलट्या लोंबत असतात. नळीचे पाय व खोबणी स्वच्छ केल्या, आणि काय सांगावें, चरचर बंद! तीस वर्षांचा गंज होता तो. नवी नळी न घालतांच निम्मा आजार बरा झाला. पण माझा उत्साह इतक्यावर कसा थांबणार? नवी ६ व्ही ६ घातली. आवाज दणदणीत झाला. मामा मान हलवीत म्हणाले, "मोठा झाला खरा."

मोठा झाला, चांगला झाला असें ते म्हणाले नाहींत. मीं तें ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

एका माहितगार म्हणविणाऱ्या गृहस्थानें मला सुचविलें होतें कीं, ५ वाय ३ च्या जागीं जीझेड ३४ घातली तर पेटीला जोर येतो. दोघींचे पाय सारखेच जुळतात, तापविण्याची वीजहि जवळजवळ सारखीच लागते. पण पाय जुळले म्हणजे स्वभाव जुळतोच असें नाहीं. ५ वाय ३ ही वाटेंत बराच दाब स्वतःच गिळते; जीझेड ३४ फार थोडा गिळते. त्यामुळें पुढच्या नळीवर पडणारा दाब, जो आधींच तीनशें व्होल्टांहून अधिक, तो आणखी चढला. दहा मिनिटें मुलगी आनंदानें वाजवीत होती. मग ती म्हणाली, "बाबा, आंत लाल काय दिसतें?" पाहतों तों ६ व्ही ६ चा काळा पत्रा मध्यभागीं निखाऱ्यासारखा लाल झालेला! आंतला तांबूस उजेड नेहमींचाच. पण पत्र्यानें कधीं लाल होऊं नये. मीं धांवत जाऊन वीज काढली. नवी नळी त्या दहा मिनिटांत निकामी झाली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर मामांची आयुष्यभराची पेटीच जळून गेली असती, या विचारानें मला त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. माझ्या मुलीनें विचारलें नसतें तर माझें लक्ष गेलेंच नसतें; मी तेव्हां जोराची वाखाणणी करीत होतों.

नाइलाजानें जुनी ५ वाय ३ व जुनी ६ व्ही ६ पुन्हां घातली. नवी १२ एएक्स ७ मात्र ठेवली. आवाज ठीक होता. पण ती घूं-घूं जागच्या जागीं. दिवाळीला पंधरा दिवस उरले. बंगळूरची नळी घालून पाहिली, घूं-घूं तीच. पेन्सिलीनें नळीला हलकेच टिचकी मारली. एखादी नळी अशानें घंटेसारखी वाजते, व तशी वाजली तर आंतले भाग सैल समजावे. ही वाजली नाहीं. मी हताश होऊन बसलों. मामा खिडकीपाशीं चहा घेत होते. ते सहज बोलून गेले, "ही बया गेलीं कित्येक वर्षें 'जी' धरून बसली आहे. तोहि केसभर चढा."

"कसला जी, मामा?"

"अरे, जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा. गिटार आण, दाखवितों." त्यांनीं तीन वर्षांनंतर प्रथमच गिटार हातांत घेतली, सहावी तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली, आणि तो सूर व पेटीची घूं-घूं एकमेकांस इतक्या जवळ लागल्या कीं मधें लाटेसारखा ठेका पडूं लागला. वरचे सूर ज्यांना नीट ऐकूं येत नव्हते, त्या कानांनीं ही खालची बारीक तफावत बरोबर पकडली होती.

मीं दुसऱ्याच दिवशीं लॅमिंग्टन रोडजवळच्या एका वृद्ध कारागिरास गांठलें. त्यांचा पहिलाच प्रश्न: "आवाज जाड कीं बारीक?" मीं मामांचें म्हणणें सांगितलें. ते हंसले. "साहेब, नळ्या कशाला बदलत बसलांत? कंडेन्सर सुकलेत." मग त्यांनीं जें समजाविलें तें सहावींतल्या मुलालाहि पटण्यासारखें आहे. आपली वीज सेकंदास ५० वेळां उलटते. ५ वाय ३ ही उलट्या लाटेलाहि सुलटी करते, म्हणजे सेकंदास १०० ठोके होतात. हे ठोके सपाट करण्याचें काम कंडेन्सरांचें. ते म्हातारे झाले कीं १०० कंपनांची घूं-घूं कर्ण्यांत उतरते. आतां गिटारीच्या सहाव्या तारेचा तिसरा पडदा म्हणजे ९८ कंपनें. मामा म्हणत होते तो केसभर चढा जी हाच! नळ्या तापविणाऱ्या तारेचा दोष असता तर सूर ५० चा, एक सप्तक खालीं लागला असता. अमेरिकेंत वीज ६० वेळां उलटते, म्हणून तीच पेटी तेथें १२० वर, म्हणजे तेथील 'बी' च्या थोडी खालीं गुणगुणली असती.

कंडेन्सर बदलणें हें माझें काम नव्हे, व हें वाचणाऱ्या कोणा मुलानेंहि तें आपलें समजूं नये. वीज काढून टाकल्यावरहि कंडेन्सरांत मोठा दाब सांठून राहतो. त्या कारागिरानें पेटी उघडल्यावर प्रथम एका रोधकाच्या साहाय्यानें तो सांठा उतरवून घेतला, यंत्रानें मोजून पाहिला, आणि मगच हात घातला. पन्नास वर्षें हेंच काम केलेला माणूस इतकी खबरदारी घेत होता. तीन कंडेन्सर, आणि दोन पायांच्या जुन्या तारेच्या जागीं जमिनीशीं जोडलेली तीन पायांची तार. एकूण खर्च आठशें रुपये. माझ्या नळ्यांचा हिशेब मीं त्यांना सांगितला नाहीं.

पेटी परत आली ती निःशब्द. कळ दाबली, तांबूस उजेड आला, आणि क्षणभर आम्हांला वाटलें कीं ती मेली! मग मुलीनें तारेला बोट लावलें.

खरें पाहतां गोष्ट येथें संपावी. परंतु माझ्यापाशीं आतां पहिल्या जागेसाठीं चार नळ्या जमल्या होत्या: मूळची, स्लोव्हाकियाची, बंगळूरची, आणि शिवाय मागाहून मिळविलेली एक १२ एवाय ७, जी त्याच खोबणींत बसते पण जिची वाढविण्याची शक्ति १०० ऐवजीं सुमारें ४४ असते. यांतली उत्तम कोणती? मी तर शपथेवर सांगण्यास तयार होतों कीं, स्लोव्हाकियाची स्वच्छ व बंगळूरची मधाळ आहे. मुलगी शाळेंत प्रयोगाची वही लिहिते. तिला ही शपथ पटेना. तिनें आम्हां दोघांना पेटीकडे पाठ करून बसविलें, नाणें उडवून नळी ठरविली, व कोणती घातली तें न सांगतां वाजवूं लागली. प्रत्येक वेळीं निववणें, बदलणें, तापविणें. दहा फेऱ्यांना सबंध रविवार गेला. निकाल: मीं दहांत सहा ओळखल्या, मामांनीं पांच. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी इतकीच आलीं असतीं. माझा मध कोठें गेला देव जाणे!

१२ एवाय ७ मात्र दोघांनींहि प्रत्येक वेळीं ओळखली. मी विजयी मुद्रेनें उठणार, तोंच मुलगी म्हणाली, "तिचा आवाज लहान आहे, म्हणून ओळखतां." तिनें कळ फिरवून दोन्हींचा आवाज कानाला सारखा केला. हलक्या हातानें वाजविल्यावर आम्ही पुन्हां चांचपडूं लागलों. जोरानें छेडलें मात्र, कीं फरक उघड: १२ एएक्स ७ लवकर खरखरूं लागे, १२ एवाय ७ बराच वेळ स्वच्छ राही. म्हणजे नळी बदलल्यानें सूर बदलतो हें खोटें नाहीं. पण एकाच जातीच्या दोन कारखान्यांच्या चांगल्या नळ्यांतला जो फरक मी पैसे मोजून ऐकत होतों, तो पुष्कळसा माझ्या खिशांतून कानांत आलेला होता. आणि मोठा आवाज तो चांगला आवाज, ही समजूत किती सहज होते हें मामांनीं पहिल्याच रविवारीं एका शब्दांत सांगितलें होतें.

मामांनीं १२ एवाय ७ पसंत केली. "उपाहारगृहांत लोक जेवत असत रे," ते म्हणाले, "खरखर केली तर मालक डोळे वटारी. माझा हात स्वच्छ आवाजाचा." माझ्या मुलीला खरखरच हवी. त्यावरून नातीचा व मामाआजोबांचा थोडा वादहि झाला, आणि तो मीं मिटविण्याचा प्रयत्न केला नाहीं.

दिवाळीला तो इसम पेटी नेण्यास आला. मामेभावानें त्याला चहा दिला, चकली दिली, आणि परत पाठविलें. मला तें दुसऱ्या दिवशीं कळलें.

आतां मामांच्या दोन्ही कानांत यंत्रें आहेत. गिटार घेतली कीं तीं ते काढून ठेवतात. "एका वेळीं एकच ॲम्प्लिफायर पुरे," असें म्हणतात, आणि डावा गुडघा पेटीला टेकवून बसतात. ६ व्ही ६ अजून तीच, मीं एकदां टाकाऊ ठरविलेली. पेटीच्या मागें बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत कापसांत गुंडाळलेली दुसरी नळी असते. डब्यावर मामांनीं कागद चिकटविला आहे. रविवारीं मुलगी आली कीं त्यावरचा 'तिची' हा शब्द खोडून 'माझी' लिहितात, आणि ती गेल्यावर, पेटी निवल्यानंतर, पुन्हां उलट करतात. कागद खोडाखोडीनें भरून गेला आहे. गेल्या खेपेस मीं नवा कागद लावतों म्हणालों, तर ते म्हणाले, "राहूं दे, कोपऱ्यांत अजून जागा आहे."